दुसरी वाटी

आमच्या गावात पोराचं वय कुणी विचारत नसे, कारण विचारून उपयोग नव्हता. कुणाची आई सांगायची, वळवाच्या पावसात झाला. कुणाची म्हणायची, थोरल्या जावेचं लगीन झालं त्याच्या मागल्या साली. म्हणून शाळेत नाव घालायला पोर नेलं की गुरुजी एकच गोष्ट करायला लावायचे. उजवा हात डोक्यावरनं पलीकडं न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला तर पोर सहा वर्षांचं. नाही लागला तर पुढच्या साली या. त्या हिशोबानं मी कितीतरी वर्षं पाचच वर्षांची होते.

आज हे सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांच्या डोक्यावरनं हात नेऊन बघतात आणि फिदीफिदी हसतात. हसा बापड्यांनो. तुमचे हात खांद्यापर्यंत पोचतील एवढे लांब आहेत. माझा हात कानाला लागत नव्हता, आणि तो का लागत नव्हता हे गावात कुणालाच कळत नव्हतं. मायलाही नाही, गुरुजींनाही नाही. गुरुजींना वाटायचं माय खोटं बोलते. मायला वाटायचं माझ्याच नशिबात काहीतरी खोट आहे.

गाव मुरूमच्या आडबाजूला. अर्धं गाव घरात कानडी बोलायचं आणि बाजारात मराठी. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, म्हणून म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून दरखास्त न् तहसील असले शब्द असायचे. बाप सोलापूरच्या गिरणीत कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. मी विचारलं तर माय म्हणायची, "त्येचं नाव काढू नगं. जेवताना तर बिलकूल न्हाय."

माय लोकांच्या रानात खुरपायला, वेचणीला, काढणीला जायची. सकाळी आंबिलीचं मडकं उतरायचं, त्यात जोंधळ्याचं पीठ कमी आणि पाणी जास्त. भाकर रात्री, तीही रानात काम लागलं असेल त्या दिवशी. नाहीतर बांधावरची पाथरी, चिघळ, तरवटा, जे उगवेल ते. भाजीत मीठ पडलं की माय म्हणायची, "आज सणच म्हण की." माझे हातपाय काड्यांसारखे होते, पोट तेवढं पुढं. दिवेलागणीला मला दिसेनासं व्हायचं, उंबऱ्याला ठेच लागायची, आणि माय ओरडायची, "डोळं कपाळाला लावून चालतीस का गं?" तिला काय ठाऊक, अन् मला तरी काय ठाऊक. फार पुढं, मी स्वतः पोरांना शिकवायला लागले तेव्हा, कुणीतरी समजावून सांगितलं की तेही भुकेचंच काम होतं. भूक नुसतं पोट कुरतडत नाही, ती हाडापर्यंत जाते. पण हे सांगणारं माणूस मला लहानपणी भेटलं नाही.

गल्लीच्या टोकाला वाण्याचं छोटं दुकान होतं, त्यांची पोरगी माझी मैत्रीण. गावात मला एवढं एकच माणूस होतं म्हणा ना. ती माझ्याहून एका पावसाळ्यानं धाकटी. तिच्या बारशाच्या घुगऱ्या मी मायच्या कडेवर बसून खाल्ल्या होत्या. पण अंगानं ती माझ्याहून वीतभर उंच, आणि लोक आम्हाला बघून तिलाच थोरली समजायचे. मग ती माझ्यावर ताईगिरी करायची आणि मी तिला चिमटे काढायची.

आम्ही दोघी एकाच सकाळी शाळेत नाव घालायला गेलो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. तिनं हात वर केला आणि कान पकडूनच दाखवला. मी हात वर केला. माझी बोटं भांगाच्या थोडी पलीकडं जाऊन थांबली. मी मान वाकडी केली, खांदा उचलला, टाचा वर केल्या. टाचा वर करून काय होणार होतं? पण केल्या.

"लई लांब हाय अजून," गुरुजी म्हणाले.

माय म्हणाली, "अवो गुरुजी, ही थोरली हाय तिच्याहून. रझाकाराच्या धामधुमीत झालेली. तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात हिनं."

"बाई, मला घुगऱ्या दाखवून भागत नाही. साहेब तपासणीला आले आन् म्हणले, एवढी चिटुकली पोर कशाला भरली, तर माझाच कान धरतील. पुढच्या साली आणा."

गुरुजी वाईट नव्हते. भूमकडचे होते, एकटेच राहायचे, एकट्यानंच चार वर्ग सांभाळायचे. पण त्या दिवशी मला ते सैतान वाटले. मैत्रिणीनं तरटावर बसता बसता शेजारी हात आपटून मला दाखवलं, ही तुझी जागा. मी घरी आले आणि दिवसभर हात डोक्यावर ठेवून बसले.

दुपारचं गाव कसं असतं ते ज्यांनी लहानपणी शाळा पाहिली त्यांना कळायचं नाही. मोठी माणसं रानात, पोरं शाळेत, आणि गल्लीत मी, एक शेळी, आणि कुठंतरी खोकणारा म्हातारा. शेळी अर्धलीची होती. म्हणजे सांभाळायची आम्ही, करडं निम्मी मालकाची निम्मी आमची, आणि दूध सगळं मालकाचं, ते मुरूमच्या स्टँडाजवळच्या हॉटेलात चहाला जायचं. मी तिच्यामागं बाभळीखाली बसून राहायची. देवळातनं पाढे ऐकू यायचे. मी ते म्हणत नसे, मला राग यायचा. शेळीला मात्र मी सगळं बोलायची. इतकी बोलायची की शेळीसुद्धा कंटाळून उठून जायची, मग मी तिच्यामागं. मला फार एकटं वाटायचं. त्याला एकटं म्हणतात हे माहीत नव्हतं, पण छातीत काहीतरी रिकामं असायचं आणि मी ते भूकच समजायची.

पुढच्या साली पुन्हा हात वर केला. बोटं जरा पुढं सरकली होती, कान अजून दूर. माझ्यामागं उभी राहिलेली कालची शेंबडी पोरं आत गेली.

त्याच साली शाळेत दुधाची पावडर यायला लागली. सरकारनं म्हणे परमुलखातनं आणवली होती, गरिबांची पोरं धष्टपुष्ट व्हावीत म्हणून. देवळाच्या मागल्या ओवरीत तीन दगडांवर हंडा चढायचा, वास गल्लीपर्यंत यायचा. सगळी कच्चीबच्ची हंड्याकडं पळायला लागली, तेव्हा गुरुजींनी ओवरीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. दूध फक्त नाव असलेल्यांना. आता बघा गंमत. दूध मिळायला शाळेत नाव पाहिजे. नाव घालायला हात कानाला लागला पाहिजे. आणि हात वाढायला दूध पाहिजे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे कोडं कुणाच्या डोक्यातनं निघालं होतं देव जाणे. मी दाराच्या बाहेर उभी राहून वास घ्यायची आणि गुरुजींनी "इकडं फिरकायचं न्हाय" म्हणून छडी दाखवली की पळायची.

एका दुपारी मैत्रीण बाभळीखाली आली. ओच्याखाली वाटी धरलेली.

"घे," ती म्हणाली.

मला संतापच आला. मायची एक शिकवण होती, चार वेळा मार खाऊन पाठ झालेली, की कुणाच्या तोंडचं काढून खायचं नाही. उपाशी निजायचं, पण तसलं नाही.

"म्या काय भिकारीण हाय व्हय? तुझं तू पी."

"माझं पिऊन झालं की. ही दुसरी हाय."

"दुसरी कशी?"

"म्या हंड्याला पाणी भरते ना हिरीवरनं. म्हणून गुरुजी मला दोन देतेत. माझ्या पोटात मावत न्हाय. पीत नसशील तर शेळीला घालू?"

शेळीला घालू म्हटल्यावर मी ओंजळ पुढं केली. त्यांच्या घरी सोवळं कडक होतं, दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली वाटी चुलीपर्यंत जायची नाही. म्हणून ती वरनं ओतायची आणि मी ओंजळीतनं प्यायची. कोमट असायचं, जळकट वासाचं, तळाशी गुठळ्या. गुठळ्या मी दातानं फोडायची. ओतून झालं की ती वाटी आतनं बोटानं सगळीकडनं पुसून काढायची आणि ते बोट चाटायची.

"खादाड हायस," मी म्हणायची. "एक वाटी ढोसूनबी जीभ वळवळती."

ती हसायची. मग परकराला वाटी पुसून पळत देवळाकडं जायची. हे रोजचं झालं. घंटा झाली की मी बाभळीखाली ओंजळ धरूनच बसायची. दिवसातला तेवढाच वेळ मी कुणाशी बोलायची, शेळी सोडून.

मायला मी सांगितलं तेव्हा ती आधी खवळली, मग "दुसरी वाटी" म्हटल्यावर निवळली. म्हणाली, "गुरुजींनी दिली असंल तर सरकारची हाय. सरकारचं खायला हरकत न्हाय." आणि त्या दिवसापासनं मायला माझ्या हाताचा ध्यास लागला. रात्री भाकर भाजली की मला उजेडात उभी करायची आणि हात डोक्यावरनं न्यायला लावायची. कधी करडईच्या तेलाचे दोन थेंब घेऊन दंड चोळायची, ओढायची. एकदा बोटं कानापासनं एवढीशी राहिली. मायनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "मधी केसांचा भारा हाय. त्येच्यानं आखूड पडतंय."

म्हणजे आता काय करायचं? पुढच्या साली शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिनं मला न्हाव्यापुढं नेऊन बसवलं. न्हावी दचकला. "पोरीचं? सगळं?" मायनं नजर चुकवून सांगितलं, "तुळजापूरच्या आईला बोलले हाय." बोललीबिलली काही नव्हती. पण देवीचं नाव घेऊन खोटं कसं राहायचं, म्हणून तिनं माझे केस फडक्यात बांधून आढ्याला टांगले, कधी गाडीभाडं जमलं तर तुळजापूरला न्यायचे म्हणून. ते तिथंच टांगलेले राहिले.

पोरीच्या जातीला बोडकं डोकं म्हणजे काय, हे तेव्हाच्या बायांनाच कळेल. गल्लीतून जाताना एकजण थुंकली. पोरं "बोडकी, बोडकी" करत देवळापर्यंत मागं आली. मी गुरुजींपुढं उभी राहिले, हात गुळगुळीत डोक्यावरनं सरसर गेला, आणि थांबला. कानाची वरची कड बोटांच्या टोकाला वारा लागावा एवढीच जवळ. पण लागली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुजी माझ्या डोक्याकडं बघत राहिले. त्यांना समजलं असावं. आवाज उतरवून म्हणाले, "बाई, केसानं काय होतंय. हाड वाढाय पायजे."

 घराकडं माय माझ्यापुढं इतक्या भराभरा चालली की मला पळावं लागलं. घरात शिरल्यावर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मायला मी रडताना पाहिलं ते तेवढंच. मला तिच्याजवळ जावंसं वाटत होतं आणि तिचा रागही आला होता. माझे केस गेले होते, शाळाही गेली होती.

मी बाहेर पडेनाशी झाले. घंटा झाली तरी बाभळीखाली गेले नाही. तर मैत्रीणच वाटी घेऊन दारात. माझ्या डोक्यावरनं तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "नारळावाणी दिसतंय गं. फोडून बघू का?" मला हसू फुटलं. हसता हसताच रडू आलं, आणि तिनं तशातच माझ्या ओंजळीत दूध ओतलं. निम्मं सांडलं. ती सांडलेल्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग वाटी पुसून बोट चाटलं.

केस परत आले. पुढच्या जूनमध्येही हात थोडक्यातच राहिला. दुसरी वाटी रोज येत राहिली. मी किती वाढले मला कळत नव्हतं, पण दिवेलागणीला ठेचा कमी लागायला लागल्या, आणि शेळीमागं पळताना धाप लागेना. ती मला धुळीत काडीनं अक्षरं काढून दाखवायची. माझ्या ध्यानात लवकर राहायचं नाही. ती चिडायची, मी त्याहून चिडायची. ती म्हणायची, "तू शाळंत आलीस की माझ्याशेजारी बस, मग बघते कशी शिकत न्हाईस ते."

पण आमची शाळा चौथीपर्यंतच होती. तिची चौथी झाली त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी ठरलं, पोरीला गुलबर्ग्याकडं मावशीकडं ठेवायची. तो मुलूख तेव्हा नुकताच दुसऱ्या राज्यात गेला होता. मला वाटलं पुढं शिकायला चालली. नंतर कानावर आलं की मावशीच्या घरी लेकुरं सांभाळायला माणूस हवं होतं, आणि इकडं पाच पोरींची तोंडं भरत नव्हती. वाण्याचं घर म्हणजे गुळाच्या ढेपा असं मी समजायची. दुकानातला गूळ विकायचा असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

जायच्या सकाळी बैलगाडी जुंपलेली होती, मुरूमला जाऊन मोटार धरायची होती. ती धावत माझ्याकडं आली.

"हात वर कर बघू."

मी केला. बोटाचं टोक कानाच्या कडेला टेकलं. टेकलं का नुसतं वाटलं?

"आता लागंलच," ती म्हणाली. "शाळा उघडू दे. माझ्या जागंवर बस. खांबाजवळची हाय, वारा येतो." तिच्या आईनं गाडीतनं कानडीत हाक मारली, तशी ती पळाली. मला वाटलं चालत्या गाडीतनं मागं बघेल. तिच्यापुढं गाठोडी होती, तिला दिसत नसेल. मला ती दिसली ती तेवढीच. पुढं त्यांनी दुकानच मोडलं, आणि ते घर गाव सोडून गेलं.

जूनमध्ये माझा हात कानाला लागला. अख्खं बोट लागलं. मायनं तिथंच देवळात मारुतीपुढं डोकं टेकलं. गुरुजी हसले आणि लिहायला बसले. "वय सहा."

माय म्हणाली, "अवो, सहा कुठलं? रझाकाराच्या..."

"हात आज लागला ना? मग सहाच."

असा माझा जन्म कागदावर पुन्हा झाला. मधली वर्षं कुठंच लिहिलेली नाहीत. ती बाभळीखाली गेली, आणि ती पाहणारी एकटी मीच.

मी खांबाजवळ बसले. वारा खरंच येत होता. आजूबाजूला सगळी चिल्लीपिल्ली, माझ्याएवढीच दिसणारी, पण त्यांच्याशी बोलावं काय? त्यांच्या बोबड्या गप्पा मला कळेनात. बरोबरीच्या पोरी चौथी करून घरी बसल्या होत्या, एकीचं तर लगीन ठरलं होतं. शाळेत येण्यासाठी जीव टाकला होता, आणि आल्यावर पहिल्या दिवशी मला शेळीची आठवण येत होती.

घंटा झाली. ओवरीचं दार उघडून आम्हाला आत घेतलं. पहिल्यांदाच मी त्या दाराच्या आत होते. ओळीनं बसलो, गुरुजी डावानं वाढत आले. मायनं घरातली एकुलती जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी दिली होती. ओंजळ नाही, वाटी. मी ती तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. मग उठून विहिरीवर गेले, एक घागर पाणी आणून हंड्याशेजारी ठेवली, आणि वाटी पुढं केली.

"काय गं?" गुरुजी म्हणाले.

"दुसरी."

"दुसरी कसली?"

"म्या पाणी भरलं न्हवं. पाणी भरणाऱ्याला दोन असत्यात."

"कुणी सांगितलं तुला? एका पोराला एक वाटी. मोजून पावडर येते. दुसरी कुणाला नाही, आजवर कधी दिली नाही."

"वाण्याच्या पोरीला देत व्हता की."

गुरुजींनी डाव हंड्यात ठेवला. "तिला? तिलाही एकच. ती इथं प्यायची नाही कधी. भायेर निवांत पिते म्हणून घेऊन जायची."

मी जागेवर येऊन बसले. शेजारची पोरं वाट्या वाजवत होती. मला कुणाला तरी सांगायचं होतं, पण जिला सांगायचं ती गुलबर्ग्याला होती, आणि गुलबर्गा कुठल्या बाजूला हेही मला ठाऊक नव्हतं. खादाड म्हणायची मी तिला. रोज म्हणायची.

मी वाटीत बोट घातलं आणि आतनं सगळीकडनं पुसून काढलं, ती काढायची तसं. बोट चाटलं. फार काही लागत नाही. नुसता वास येतो.